अक्कांनी रचलेली शपथ

परवा बस स्टँडच्या चौकात एक फलक लागला. त्यावर अक्कांचा फोटो होता. अंगावर शाल दिसत होती, पण ती नंतर संगणकावर चिकटवलेली, कारण अक्कांनी आयुष्यात शाल घेतली नाही, थंडीत त्या जुनं स्वेटर घालायच्या. खाली हातभर अक्षरांत लिहिलेलं, 'रोटशपथेच्या प्राचीन परंपरेच्या थोर अभ्यासक कै. सुमनताई पाटील यांना विनम्र अभिवादन.' आणि शेजारी त्यांचा पुतण्या, आमचे नगरसेवक योगेशभाऊ, हात जोडून उभे. त्यांचा फोटो अक्कांच्या फोटोच्या दुप्पट.

मी रिक्षा थांबवली आणि खाली उतरून भर चौकात मोठ्यानं म्हणाले, "अरे मेल्यांनो, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाताना लाज कशी वाटत नाही?" रिक्षावाला घाबरला. "बाई, बसा, बसा," म्हणाला. बसले. पण राग काही बसला नाही, म्हणून लिहिते आहे.

कसली प्राचीन परंपरा आणि कसलं काय! ती शपथ अक्कांनी माझ्या स्वयंपाकघरात बसून, दोडक्याच्या शिरा काढता काढता रचली. समोर मी होते. माझ्याइतकी पक्की साक्षीदार दुसरी मिळायची नाही.

अक्का आणि मी अमळनेरच्या एकाच शाळेत शिकवायचो. त्या इतिहास आणि नागरिकशास्त्र, मी विज्ञान. वयानं त्या मोठ्या, म्हणून सगळ्या शाळेच्या अक्का. नवरा लवकर वारलेला, मूलबाळ नाही. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत होती. शाळा सुटली की बाकीच्या बाया भाजी घेऊन घरी जायच्या, अक्काही जायच्या. फरक एवढाच की यांच्या डोक्यात तोवर एखाद्या मंत्र्याचा खून ठरलेला असायचा. कारण अक्का राजकीय थरारकादंबऱ्या लिहायच्या. मुख्यमंत्रिपदासाठी चाललेली कापाकापी, गायब झालेले सचिव, विश्रामगृहात सापडलेली प्रेतं असा सगळा मालमसाला. त्यांची पुस्तकं धुळ्या-जळगावच्या लायब्ऱ्यांत इतकी फिरायची की कव्हरं सुतळीनं शिवावी लागायची.

पहिल्या पुस्तकाच्या वेळी जळगावचा प्रकाशक म्हणाला होता, "बाई, पुरुषाचं टोपणनाव घ्या. बायकांच्या नावानं पाककृती खपतात, राजकारण नाही." अक्का म्हणाल्या, "मग पाककृती तुम्ही लिहा, खून मी करते." नाव त्यांचंच छापलं गेलं.

लिहायला त्या जमिनीवर मांडी घालून बसायच्या, मांडीवर पोळपाट उलटा घालून. टेबलखुर्चीवर बसलं की त्यांना पेपर तपासल्यासारखं वाटायचं. आणि लिहिताना मोठमोठ्यानं भांडायच्या. एकदा सकाळी नवा दूधवाला दारात आला आणि आतून आवाज आला, "मर मेल्या, पण आधी कबूल कर, पैसे कोणाला दिले!" तो दूध तसंच ठेवून पळाला. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात उभा राहून विचारतो, "ताई, शेजारी सगळं ठीक शे ना?"

खलनायक मूर्ख असला की त्यांचं डोकं फिरायचं. दुसऱ्या कोणाची कादंबरी वाचताना तसा निघाला तर पुस्तक धाडकन मिटायच्या. "मूर्ख माणूस वाईट वागला तर त्यात नवल काय? गाढवही लाथ मारतं. दुसऱ्याच्या मनात देवाचं भय किती आहे हे ज्याला बरोबर कळतं, तो माझा खलनायक." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की मी पुढचं पूर्ण करायची, आणि त्या चिडायच्या.

माहिती काढायची त्यांची पद्धतही भलतीच. एका कादंबरीत त्यांना मतदान यंत्रं पळवायची होती. दुसरा कोणी असता तर घरी बसून कल्पना केली असती. या बाई भाजीची पिशवी घेऊन थेट सरकारी कचेरीत गेल्या आणि साहेबांना विचारलं, "मला मशिनं पळवायची आहेत. मागच्या खिडकीनं सोपं पडेल की कौलं काढून?" साहेबांनी चहा मागवला आणि गुपचूप पोलिसांना फोन केला. दुपारी दोन शिपाई शाळेत! मुख्याध्यापकांचा चेहरा पिठासारखा पांढरा. त्यांनी अक्कांना सगळ्यांसमोर झापलं, "शिक्षिकेला शोभतं का हे?" अक्का म्हणाल्या, "सर, नागरिकशास्त्राची शिक्षिका आहे मी. खिडकीला गज नाहीत, हे त्यांना आज मी सांगितलं. नाहीतर कोण सांगणार होतं?" आठवड्याभरात त्या खिडकीला गज बसले. अक्कांचे आभार मात्र कोणी मानले नाहीत. मुख्याध्यापकांनी तर त्या वर्षी त्यांना सहलीचं काम दिलं, शिक्षा म्हणून.

अशी ही बाई श्रावणात मात्र वेगळीच व्हायची. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खान्देशात कानबाई बसते, नारळाच्या रूपातली देवी, सगळ्यांची माय. आठ-दहा दिवस आधीपासून अक्का लेखणीला हात लावायच्या नाहीत. "माय येणार आणि मी घरात प्रेतं घेऊन बसू?" असं म्हणायच्या. कानबाई प्रत्येक भाऊबंदकीची आपापली. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे, सगळ्या घरांचे गहू एकत्र दळायचे, आणि त्या पिठाचा रोट करून सगळ्या कुळानं एका पंगतीत खायचा. परक्याला त्यातला घास नाही. वर्षभर बांधावरून कोर्टात भांडणारे भाऊ त्या दिवशी मांडीला मांडी लावून बसतात. अक्कांच्या घरी पुरुष उरला नव्हता, तरी त्यांचे दीर दरवर्षी येऊन भावाच्या नावाचे गहू घेऊन जायचे. नवरा गेल्यावर सासरशी बांधून ठेवणारं अक्कांकडे तेवढंच होतं. शेतातला वाटा त्यांनी केव्हाच सोडून दिला होता, पण रोटाचं ताट सोडलं नव्हतं.

मी पडले विज्ञानवाली. मी चिडवायची, "अक्का, पुस्तकात तीन आमदार मारता आणि इथे नारळाला नथ घालता?"

"नारळाला नाही ग, मायला घालते. आणि आमदार मारते ते तिच्या भरवशावर. नाहीतर मला रात्री झोप लागली असती का?" असं म्हणून त्या कानबाईची गाणी म्हणायला निघून जायच्या, आणि दोन दिवसांनी घसा पार बसवून परत यायच्या.

आता त्या शपथेचं. अक्कांना नव्या कादंबरीत एक तरुण नेता हवा होता, देवधर्माच्या आडून वर चढणारा. दोडके निवडता निवडता त्या एकदम थांबल्या. "रोटाच्या पंगतीत तो उभा राहतो आणि म्हणतो, जो हा घास खाईल त्यानं मला मत द्यायची शपथ घेतली. आता पंगतीतून उठायचं कोणी? उठला तो मायचा अपमान करणार, कुळातून तुटणार. बसला तर मत गेलं."

मी म्हणाले, "असं कुठे होतं का अक्का?"

"कुठेच नाही होत. माझ्या सात पिढ्यांत नाही झालं. म्हणून तर लिहिते. हे सुचलं कसं माणसाला, असं वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे."

'शपथेचा घास' असं त्या कादंबरीचं नाव. त्यात तो नेता निवडून येतो, मंत्री होतो, आणि शेवटी एका श्रावणात गावी येऊन पाहतो तर पंगत मांडलेली आणि पाट सगळे रिकामे. भाऊबंद येतच नाहीत. मायसमोर एकटा बसून तो रोट चावत राहतो, घास काही घशाखाली उतरत नाही. हे शेवटचं पान अक्कांनी मला वाचून दाखवलं तेव्हा त्या स्वतःच रडल्या होत्या.

पुस्तक निघालं, आणि महिन्याभरात योगेश पेढे घेऊन अक्कांकडे आला. योगेश म्हणजे त्यांच्या त्याच दिराचा मुलगा. दीर आता थकलेले, घर याच्या हातात. पांढरे कपडे, मनगटाला सोन्याचं कडं, नगरपालिकेच्या तिकिटासाठी धुळ्याच्या चकरा चाललेल्या. मी तिथेच होते.

"काकू, जबरदस्त लिहिलंय! अर्धं वाचलं, अंगावर शहारा आला."

"उरलेलं अर्धं?"

"वेळ कुठे मिळतो काकू. पण माणूस काय डोक्याचा दाखवलाय!"

अक्का हसल्या. मला तेव्हाही ते हसणं आवडलं नव्हतं, पण लेखकाला कोणी वाचलं म्हटलं की तो विरघळतोच. पन्नास-साठ प्रती विकत घेऊन योगेशनं त्या भाऊबंदांना वाटल्या. अक्कांना वाटलं, पोराला काकूचं कौतुक. त्यांना काय ठाऊक, तो त्यांच्याच खलनायकाची शिकवणी लावून बसला होता!

त्या श्रावणात निवडणूक तोंडावर होती. कानबाई योगेशच्या घरी बसली. दर्शन सगळ्यांना खुलं असतं, म्हणून मीही गेले होते. दिवेलागणीला नैवेद्य झाला, आम्ही परके लोक ओट्यावर सरकलो आणि आत कुळाची पंगत बसली. दार उघडंच होतं. ताटं वाढून झाली. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी आणि मध्ये रोट. आणि योगेश मायसमोर उभा राहिला. डोक्याला भगवा फेटा, डोळे मिटलेले. म्हणाला, "हा रोट मायचा. हा घास जो खाईल, त्यानं मायच्या साक्षीनं मला मत दिलं. ज्याला मान्य नसेल त्यानं आत्ताच उठावं."

शब्द सगळे अक्कांचे. पुस्तकातले, जसेच्या तसे.

मी ओट्यावरून पाहत होते. चाळीसएक माणसं, त्यातले निम्मे त्याच्या विरोधातल्या उमेदवाराचे. कोणाची मान वर होईना. एकानं हळूच घास उचलला, मग दुसऱ्यानं. आणि मग अक्का उठल्या. त्यांना राग आला की त्या अहिराणीत उतरायच्या. "योग्या! हाऊ कानबाई मायना रोट शे, तुन्हा प्रचारना चिवडा नही!"

"काकू, बसा. अपशकुन करू नका."

"शपथ काढून घे. मायची माफी माग. मी आनंदानं खाईन."

"मायच्या पुढे दिलेला शब्द मागे घेता येतो का काकू? तुम्हीच लिहिलंय ना?"

अक्का पंगतीकडे वळल्या. "हे मी लिहिलं, अरे! मी बनवलं! असं काही नसतं! बठ्ठा गुपचूप कसाले बठनात?"

सगळे खरंच गुपचूप बसले होते. कुळातले सर्वांत वडील दगा आबा, नव्वदीचे. त्यांनी हात वर केला. मला वाटलं, आता हा म्हातारा त्या पोराच्या कानाखाली वाजवणार. आबा म्हणाले, "सुमन, माझ्या आजाच्या काळापासून आहे ही शपथ."

"आबा! मी वत्सलाच्या घरात बसून रचलीये ती! ही बघा वत्सला, ओट्यावर बसलीये, विचारा तिला!"

"तुला वाटतं तू रचली," आबा म्हणाले. "माय बोलली तुझ्या तोंडून."

आता याला काय उत्तर देणार? सांगा ना! खोटं बोलला असता तर खोडून काढता आलं असतं. पण त्या म्हाताऱ्याला ते मनापासून खरं वाटत होतं. पुस्तक वाचून वाचून त्याला आजा आठवला होता. मी ओट्यावरून ओरडले, "आबा, हो, मी साक्षीदार आहे!" तर एक बाई मलाच म्हणाली, "तुम्ही परक्या, तुम्ही बोलू नका." मी गप्प बसणारी नव्हते, पण अक्कांनीच मला हातानं थांबवलं. त्यांनी मायला वाकून नमस्कार केला, ताटाला पाय लागणार नाही असा पदर सावरला आणि त्या बाहेर पडल्या. मागे पंगत जेवत होती. त्यांची धाकटी जाऊ रुखमा, योगेशची आई, तीही जेवत होती, आणि डोळ्यांतलं पाणी खिरीत पडत होतं.

योगेश निवडून आला. शपथेमुळेच आला असं मी म्हणत नाही, पैसेही भरपूर ओतले होते. पण लोकांनी श्रेय शपथेला दिलं. पुढे पारोळ्याकडच्या एका कुळानं सरपंचपदासाठी हेच केलं, मग आणखी एकानं. एका पेपरात तर 'खान्देशची प्राचीन रोटशपथ' म्हणून लेख आला. अक्का त्या संपादकाला भेटायला बसनं जळगावला गेल्या. तो म्हणाला, "ताई, लोकांच्या श्रद्धेचा विषय आहे, कशाला वाद?" अक्का म्हणाल्या, "श्रद्धा माझी आहे हो! थाप माझी, श्रद्धाही माझी, आणि तुम्ही दोन्हींची खिचडी करून मलाच वाढताय!" त्यानं पाणी दिलं, रिक्षा बोलावून दिली. सभ्य माणूस होता. असल्या सभ्य माणसांचा मला जास्त राग येतो.

प्रकाशकानं पुस्तक मागे घ्यायला साफ नकार दिला, कारण ते आता धडाधड खपत होतं. मी अक्कांना म्हटलं, "नवी कादंबरी लिहा. त्यात या योग्याला सोला." त्यांनी मान हलवली. "मी कितीही हुशार खलनायक काढला, तरी हे पोरगं त्याच्या पानावरून शिकून मोकळं. आणि शेवट कोणी वाचत नाही, वत्सला." त्यानंतर पोळपाटावर फक्त पोळ्या लाटल्या गेल्या. भिंतीपलीकडून भांडणाचे आवाज यायचे थांबले. ते सुनेपण मला खायला उठायचं, आणि तेवढ्यात योगेशची सत्काराची मिरवणूक वाजतगाजत दारावरून जायची. मी खिडकी आपटून लावायची. त्या म्हणायच्या, "काच फुटेल." फुटू दे म्हटलं!

पुढच्या वर्षी नागपंचमी झाली आणि अक्कांनी नवऱ्याच्या नावाचे गहू निवडून, धुऊन, वाळवून ठेवले. सारखी नजर दाराकडे. शनिवारी संध्याकाळपर्यंत त्यांच्या दिराकडून कोणी आलं नाही. मी म्हटलं, मी नेऊन टाकते त्यांच्या तोंडावर. "मागायला यावं लागतं ग. आपण नेऊन द्यायचे नसतात," त्या म्हणाल्या. रविवार तसाच गेला. कुळात सुमन पाटील नावाची बाई नाही, असंच त्यांनी ठरवलं होतं.

सोमवारी विसर्जनाची मिरवणूक निघाली. बोरी नदीकडे जाताना कानबाई आमच्याच गल्लीतून जाते. पुढे डीजे, डीजेपुढे योगेश. दरवर्षी माय प्रत्येक दारात थांबते, बायका तिला घेऊन येणारीचे पाय धुतात, ओवाळतात. अक्का हळदीकुंकवाचं ताट आणि तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. मी त्यांच्या मागे. योगेशनं आमच्या दाराकडे पाहिलं आणि हातानं खूण केली, चला पुढे, चला. डीजे पुढे सरकला. पण मायचा पाट रुखमाच्या डोक्यावर होता, आणि रुखमा थांबली. मुलगा पुढून ओरडतोय आणि ती जागची हलेना. त्या घरात एवढं धाडस एका बाईनं केलं, तेही गर्दीत.

अक्कांनी तिचे पाय धुतले, मायला ओवाळलं, ओटी भरली. रुखमानं एका हातानं पाट धरला आणि दुसऱ्या हातानं पदराची गाठ पुढे केली. रोट घराबाहेर काढत नाहीत. तिनं काढला होता. "अक्का, ल्या. पटकन खाई ल्या. कोन्ही दखत नही."

अक्कांचा हात पुढे गेला. मी स्वतः पाहिला. बोटं त्या गाठीला लागली. सलग दुसऱ्या श्रावणात त्यांच्या पोटात रोट गेला नव्हता, आणि त्या श्रद्धाळू बाईला ते किती सलत असेल हे मला, देव न मानणाऱ्या बाईला, कळत होतं. मी मनात म्हणत होते, खा हो अक्का, खाऊन टाका.

त्यांनी हात मागे घेतला. "कोन्ही दखत नही म्हनीसन खाऊ? मी काय चोरी करेल शे का, रुखमा?"

रुखमा रडायला लागली. अक्कांनी तिची गाठ परत नीट बांधून दिली, पाट डोक्यावर सरळ केला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "जा. मायला उशीर होतोय." मिरवणूक पुढे गेली. गल्लीच्या वळणावर माय दिसेनाशी होईपर्यंत अक्का हात जोडून उभ्या होत्या.

कानबाईच्या रविवारपासून पौर्णिमेपर्यंत कुळाबाहेरच्या घरी त्या पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत, असा त्यांच्या कुळाचा नेम. मी तो जाणून होते, म्हणून जेवायचं विचारलं नाही. अक्का वळल्या, माझ्या घरात शिरल्या, मोरीवर हात धुतले आणि स्वयंपाकघरात पाट ओढून बसल्या.

"वत्सला," त्या म्हणाल्या, "काय असेल ते वाढ. भूक लागलीये."